पदकाच्या कडेवरील नाव

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या समारंभात आपल्या गुणवंत मुलामुलींचा पदके देऊन गौरव करण्यात आला. त्यानंतर चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणिसांनी आम्हांस केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आम्हांस फार वेळ पडला नाही. जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या आणि अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसाने विद्वत्तेचा आव आणू नये हे आम्ही जाणतो. परंतु सेवानिवृत्तीनंतर ज्या छंदात आमचा काळ जात आहे, तो छंदही पदकांचाच आहे. युरोपातील राष्ट्रांनी आपल्या सैनिकांना दिलेली जुनी पदके जमविणे, ती ओळखणे आणि शक्य तेथे ती कोणाची होती याचा शोध घेणे, असा तो छंद होय.

आता कोणी म्हणेल, मास्तर, परक्यांच्या लढाया आणि परक्यांची बिरुदे, त्यांच्याशी आपणास काय कर्तव्य? आक्षेप वाजवी आहे आणि त्याचे उत्तर आम्ही भाषणाच्या अखेरीस देणार आहोत. तूर्त एवढेच सांगतो की, या छंदाच्या मुळाशी आमच्या हातून घडलेली एक चूक आहे.

प्रथम पदक म्हणजे काय ते पाहू. आपण सरसकट सर्वांनाच पदक म्हणतो. पण युरोपात त्यांचे तीन वेगळे प्रकार मानतात. एक ऑर्डर, म्हणजे राजाने किंवा राष्ट्राने स्थापिलेले मानकऱ्यांचे मंडळ आणि त्याचे चिन्ह. फ्रान्सची लीजन ऑफ ऑनर ही या प्रकारची. दुसरे शौर्याचे मानचिन्ह, जे एखाद्या विशिष्ट पराक्रमासाठी त्या एकट्या वीरास मिळते. इंग्लंडचा व्हिक्टोरिया क्रॉस हा त्यातला. तिसरे मोहिमेचे पदक. हे त्या युद्धात जो जो सामील झाला त्या प्रत्येकास मिळते. पहिल्या दोहोंची कीर्ती मोठी खरी, पण सामान्य माणसाचा इतिहास तिसऱ्यातच सापडतो.

या तिसऱ्या प्रकाराचा उगम पाहू जाता आपणास आपल्याच देशात यावे लागते. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान धारातीर्थी पडला. त्या विजयाप्रीत्यर्थ ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडातील सोहो येथील टांकसाळीत पदके पाडून घेतली. दर्शनी बाजूस ब्रिटिश सिंह वाघाला लोळवीत आहे असे चित्र. चित्र सर्वांना एकच. धातू मात्र पाच! वरिष्ठांना सोने, त्यांच्या खालच्यांना सोन्याचा मुलामा दिलेले रुपे, त्याखाली नुसते रुपे, मग कांसे आणि अगदी तळच्या शिपायाला कथिल. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही आपली म्हण. येथे तर नावही नव्हते. पदकावर ते कोणाला दिले याचा उल्लेख कंपनीने केला नाही. त्यामुळे असे पदक आज हाती आले तर धातूवरून मालकाचा दर्जा तेवढा कळतो. माणूस कळत नाही.

याच्या नेमकी उलट गोष्ट सोळा वर्षांनी घडली. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला आणि पुढील वर्षी इंग्लंडच्या सरकारने त्या लढाईतील सैनिकांना पदक दिले. ते सर्वांना सारखे होते आणि सर्वांना रुप्याचे होते. सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन यास जे मिळाले तेच साध्या शिपायालाही मिळाले. शिवाय टांकसाळीने प्रत्येक पदकाच्या कडेवर, जेथे सहसा कोणाची दृष्टी जात नाही अशा त्या अरुंद जागेत, त्या त्या सैनिकाचे नाव आणि त्याची पलटण ठोकून दिली. शेतमजुराचा, चांभाराचा, विणकराचा मुलगा. ज्याचे नाव एरवी चर्चच्या नोंदवहीबाहेर कोठे लिहिले गेले नसते, ते रुप्याच्या कडेवर कोरले गेले. आमच्या मते पदकांच्या इतिहासातील याहून मोठी घटना दुसरी नाही.

मात्र सरकारे न्यायी असली तरी त्वरित न्यायी नसतात. वॉटर्लूपूर्वी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षे झुंजलेल्या सैनिकांना पदक मंजूर झाले ते १८४७ साली, आणि तेही जे हयात होते व ज्यांनी अर्ज केला त्यांनाच. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या जुन्या शिपायांना सेंट हेलेनाचे पदक मिळाले ते १८५७ साली. आमच्या दृष्टीने याहून लक्षणीय उदाहरण १८५१ साली मंजूर झालेल्या 'आर्मी ऑफ इंडिया' पदकाचे आहे. त्याच्या फितीवर लढाईच्या नावाच्या रुपेरी पट्ट्या बसवीत. त्या पट्ट्या वाचू लागलो म्हणजे जणू महाराष्ट्राचा भूगोल डोळ्यांपुढून सरकतो: असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव. असईची लढाई १८०३ सालची. म्हणजे तिचे पदक अठ्ठेचाळीस वर्षांनी आले! पंचविशीतला शिपाई तोवर त्र्याहत्तर वर्षांचा झाला असणार, आणि बहुतेक तर केव्हाच मातीआड झाले होते. पदक हाती पडेपर्यंत जगणे हाच एक पराक्रम म्हणावयाचा.

आता ओळखण्याच्या शास्त्राकडे वळू. आमच्या अनुभवाप्रमाणे पदक हाती येताच चार साक्षीदार तपासावेत: मुद्रा, धातू, फीत आणि कड.

मुद्रेचे उत्तम उदाहरण लीजन ऑफ ऑनर. नेपोलियन बोनापार्टने १८०२ साली ती स्थापिली. पाच भुजांचा पांढऱ्या मिन्याचा तारा आणि तांबडी फीत हे तिचे रूप दोनशे वर्षांत पालटले नाही. पालटले ते मध्यभागीचे मस्तक. सम्राटाच्या काळात तेथे नेपोलियन होता. तो पदच्युत होऊन बूर्बाँ राजे परतले, तेव्हा त्यांनी तो तारा मोडला नाही. नेपोलियनचे मस्तक काढून आपला पूर्वज चौथा हेन्री तेथे बसविला आणि वर राजमुकुट चढविला. १८४८ च्या प्रजासत्ताकात बोनापार्ट परत आला. तिसऱ्या प्रजासत्ताकाने प्रजासत्ताकाची स्त्रीमूर्ती बसविली, सभोवती १८७० हे वर्ष घातले आणि मुकुटाच्या जागी पानांचा हार आणला. म्हणून जाणता माणूस प्रथम मधले मस्तक आणि वरचा मुकुट पाहतो, आणि कोणत्या राजवटीचा तारा ते क्षणात सांगतो. सत्ताधारी बदलला की भिंतीवरची तसबीर बदलते, खिळा तोच राहतो, हे आम्ही सरकारी कचेऱ्यांत पाहिलेच आहे!

धातूचे उदाहरण जर्मनीच्या आयर्न क्रॉसचे, म्हणजे लोहक्रूसाचे. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याने १० मार्च १८१३ रोजी, नेपोलियनशी झुंजताना, तो स्थापिला. खजिना रिता होता. राजघराण्यापासून गोरगरिबांपर्यंत स्त्रियांनी सोन्याचे दागिने युद्धनिधीस दिले आणि बदल्यात लोखंडाचे दागिने अंगावर मिरविले. अशा काळी वीरास सोन्याचे मानचिन्ह देणे राजास प्रशस्त वाटले नाही. त्याने लोखंडाचे दिले, आणि ते हुद्दा न पाहता दिले. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ साली हा क्रूस पुन्हा सुरू करण्यात आला व खालच्या भुजेवर ते ते वर्ष घालण्यात आले. अस्सल क्रूस बहुधा तीन तुकड्यांचा असतो: मध्ये काळे केलेले ओतीव लोखंड आणि दोन्ही बाजूंनी रुप्याची चौकट. म्हणून लोहचुंबक जवळ नेला तर तो बहुधा चिकटतो. नकला पुष्कळदा एकाच तुकड्यात ओतलेल्या असतात. भिंगातून पाहिल्यास चौकटीचा सांधा दिसत नाही. पण एकाच खुणेवर निकाल देऊ नये, कारण काही अस्सल क्रूसांचा गाभाही पितळेचा आढळतो.

फितीची साक्ष महत्त्वाची पण नाजूक, कारण फीत कुजते आणि लोक हाताला लागेल ती दुसरी बांधतात. तरीही तिचे रंग बोलतात. दुसऱ्या महायुद्धातील आफ्रिका स्टारची फीत वाळवंटाच्या वाळूच्या रंगाची. तीवरील गडद निळा, तांबडा व फिकट निळा हे पट्टे आरमार, भूदल व विमानदल यांचे. पहिल्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी असे ठरविले की, विजयपदक प्रत्येकाने आपापले पाडावे, पण फीत सर्वांची एक असावी. ती दोन इंद्रधनुष्ये शेजारी ठेवल्यासारखी आहे. म्हणून इंग्लंड, फ्रान्स, इटली, बेल्जियम यांची विजयपदके निरनिराळी असूनही एकाच कुटुंबातील भावंडे वाटतात.

चौथा साक्षीदार कड, आणि तोच सर्वांत खरा. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्याची तीन पदके प्रसिद्ध आहेत. एक कांशाचा तारा, युद्धाच्या आरंभीच्या काळात गेलेल्यांचा. दुसरे रुप्याचे ब्रिटिश युद्धपदक; एका बाजूस राजा पाचवा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूस घोड्यावर स्वार असलेला संत जॉर्ज. तिसरे वर सांगितलेले विजयपदक, पंख असलेल्या विजयदेवतेचे. ही पदके लक्षावधी निघाली, तरी प्रत्येकावर नाव आहे. दोन्ही वाटोळ्या पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण अशी ओळ ठोकलेली असते. ही ओळ वाचताना कड बोटांनी चाचपावी. जुने नाव कानशीने घासून दुसरे घातले असेल, तर कड तेवढ्यापुरती झिजलेली लागते आणि छत्तीस मिलिमीटरचा व्यास किंचित कमी भरतो. मोठ्या पराक्रमी पलटणीचे नाव घालून किंमत चढविणारे भामटे तिकडेही आहेत. उलट दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने काटकसर म्हणून आपल्या सैनिकांच्या ताऱ्यांवर व पदकांवर नावे घातलीच नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी मात्र घातली. ब्रिटनमधील कुटुंबात ते पदक कागदपत्रापासून एकदा दुरावले की पुन्हा कोणाचेही नाही.

पहिल्या महायुद्धात जे परतले नाहीत त्यांच्या घरी कांशाची एक तबकडी गेली. पावणेपाच इंच व्यासाची ती तबकडी. तीवर ब्रिटानिया देवी आणि सिंह. शेजारी उठावाच्या अक्षरांत मृताचे नाव असे, पण हुद्दा नसे. मरणात सुभेदार आणि शिपाई असा भेद नाही, हा त्यातील भाव. तरीही हा समभाव सर्वत्र टिकला असे म्हणता येत नाही. त्याच युद्धाचे युद्धपदक लढणाऱ्याला रुप्याचे मिळाले, आणि चीन, माल्टा व हिंदुस्थान येथून नेलेल्या मजूर पथकांना कांशाचे. ज्यांनी खंदक खणले आणि ओझी वाहिली त्यांच्यासाठी श्रीरंगपट्टणचा न्याय शिल्लक होता. काळाचा विनोद असा की, आज संग्राहक त्या कांशाच्याच शोधात अधिक असतात.

आणि हीन धातूची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, इंग्लंडचे सर्वोच्च शौर्यचिन्ह व्हिक्टोरिया क्रॉस हे सुद्धा कांशाचेच आहे. १८५६ साली ते सुरू झाले. हिंदी सैनिकांना त्याचा अधिकार मिळाला तो १९११ साली. रायगड जिल्ह्याचे यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी आणि अहमदनगर जिल्ह्याचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी, दोघांनीही इटलीच्या भूमीवर, हा सन्मान मिळविला. घाडगे त्याच दिवशी कामास आले. या क्रूसाच्या पाठीवर पराक्रमाचा दिवस आणि वरच्या पट्टीच्या मागे वीराचे नाव असते. सोनाराच्या काट्यावर त्याचे मोल काहीच नाही.

सोनाराच्या काट्याचे नाव आले, तेव्हा आता कबुली.

आमचे आजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेले होते. आमच्या जन्मापूर्वीच ते निवर्तले. त्यांचे छायाचित्र नाही. त्यांस लिहिता येत नव्हते, म्हणून पत्रही नाही. मागे राहिली ती दोन पदके. आजी ती देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवीत असे आणि दसऱ्यास त्यांना हळदकुंकू लावीत असे.

१९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव साऱ्या जगात कधी नव्हे इतका भडकला होता. त्याच सुमारास आमच्या बहिणीचे लग्न ठरले. नोकरीस लागून आम्हांस दोन वर्षे झाली होती आणि पगार जेमतेम होता. आजी तोवर वारली होती. आम्ही डबा उघडला आणि दोन्ही पदके सोनाराकडे नेली. त्याने एक काट्यात टाकले. अडीच तोळ्यांहून अधिक भरले. दुसरे त्याने परत सरकविले. 'हे पितळ आहे, मास्तर, हे राहू द्या.' रुप्याच्या पदकाचे आम्ही पैंजणांत रूपांतर केले. त्याच वेळी इंग्लंडातही ही युद्धपदके मोठ्या संख्येने मुशीत गेली, असे पुढे आमच्या वाचनात आले. ते वाचून अपराध वाटला गेला, पण हलका झाला नाही.

उरलेले 'पितळ' वस्तुतः कांशाचे विजयपदक होते. छत्तीस वर्षे ते पुन्हा डब्यात पडून राहिले. आम्ही निवृत्त झालो त्या वर्षी लष्करात असलेला आमचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला. त्याने पदक हाती घेतले, आडवे केले, खिडकीच्या उजेडात धरले आणि विचारले, 'गुरुजी, हे वाचले आहे का?' कडेवर रोमन अक्षरांत क्रमांक होता, शिपाई हा हुद्दा होता आणि आजोबांचे नाव होते. कोणा कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे ते लिहिले होते, एक अक्षर चुकवून. पण नाव त्यांचेच. पुढे पलटणीचा आकडा.

मंडळी, आम्ही अडतीस वर्षे पाचवीच्या मुलांना इंग्रजी अक्षरे शिकविली. शेकडो मुलांना स्वतःचे नाव त्या लिपीत प्रथम आम्ही लिहावयास लावले. आणि आमच्या घरात, आमच्या आजोबांचे छापील अक्षरांतले एकमेव नाव होते, ते आम्ही कधी वाचले नाही. ते दोन ठिकाणी होते. एक आम्ही स्वहस्ते पुसून आलो. आमची बहीण समजूतदार आहे. तिला हे सांगितले तेव्हा तिने पैंजण आमच्यापुढे आणून ठेवले. पण पैंजणांवर नाव नसते. आम्ही ते तिला परत दिले.

प्रारंभीच्या आक्षेपाचे उत्तर हेच. लढाई परक्यांची होती, राजा परका होता, ज्या ध्येयासाठी लढल्याचे पदकावर लिहिले आहे त्यात आपल्या स्वातंत्र्याचा समावेश नव्हता, हे सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु कडेवरचे नाव आपले आहे. आपल्याकडील कित्येक गावांत संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मरण पावले, एवढेच तीवर असते. तेथे आकडा आहे. नावे पदकांवर आहेत, आणि पदके आपल्या ट्रंकांत आहेत.

म्हणून अखेरीस काही विनंत्या. घरी पदक असेल तर ते चिंचेने किंवा राखेने घासू नका. चकाकीबरोबर अक्षरेही जातात. मऊ कापडाने पुसून कोरड्या कागदात ठेवा. फीत जीर्ण असली तरी टाकू नका. एकाच माणसाची पदके भावाभावांत वाटून घेऊ नका. ती एकत्र असली तरच त्यांची हकीकत जुळते. विकण्याची पाळी आलीच तर निदान आधी कड वाचा, उतरवून घ्या आणि छायाचित्र काढून ठेवा.

आणि संघास एक सूचना. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी देणगीदारांची व गुणवंतांची यादी छापली जाते. पुढील वर्षापासून तीत एक पान आपल्या कुटुंबांतील अशा पदकांसाठी राखावे: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि आज ते कोणाकडे आहे. नोंदी वाचून देण्याचे काम डोळे आहेत तोवर आम्ही करू. भिंग आमच्याजवळ आहे. पहिली नोंद आम्ही आज चिटणिसांच्या हाती देत आहोत. तीत एका पदकापुढे 'कांसे, विद्यमान' असे लिहिले आहे आणि दुसऱ्यापुढे 'रुपे, नातवाने मोडले'. ते तसेच छापावे.

ज्या मुलांना आज पदके मिळाली त्यांना आमचे आशीर्वाद. घरी गेल्यावर आपले पदक जरा आडवे करून पाहा. कडेवर नाव नसेल तर निदान पेटीच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुढे कोणीतरी ते वाचील.